टायर मोठे, मग ब्रेकचं काय?

बालमित्रांनो, लोणावळ्याला, माळशेज घाटात किंवा कोकणात जाताना रस्त्यात एखादी झोकदार जीप तुम्ही नक्की पाहिली असेल. हत्तीच्या पायांसारखे तिचे टायर, टायरवर बोट आत जाईल एवढ्या खोल खाचा आणि दारापर्यंत उडालेला लाल चिखल! तिच्या शेजारी आपली गाडी म्हणजे अगदी शेळी वाटते. मग तुम्ही लगेच म्हणता, "बाबा, आपल्या गाडीलाही असले टायर बसवू या ना!" बाबा बहुतेक "परवडत नाही" एवढंच सांगून मोकळे होतात.

पण खर्च बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतोच. माझ्या चौथीच्या वर्गात एकाने तो अगदी नेमका विचारला होता. "बाई, टायर मोठा केला तर ब्रेक पण मोठा लागतो का?" निम्मा वर्ग ओरडला, "हो!" निम्मा ओरडला, "नाही!" आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर होत्या. मोठी माणसंसुद्धा गॅरेजच्या बाकावर बसून याच प्रश्नावर तासन् तास वाद घालतात. चला, आज आपण तो नीट सोडवून पाहू. तुम्हाला लागेल एक क्रिकेटची बॅट, एक दणकट दोस्त आणि थोडंसं पाचवी-सहावीचं गणित.

बॅटचा खेळ

बॅट दोघांमध्ये आडवी धरा. दोस्ताला तिची मूठ दोन्ही हातांनी पकडू द्या. तुम्ही फळीच्या दोन्ही कडा पकडा. आता एक, दोन, तीन म्हणा आणि दोघांनी बॅट उलटसुलट दिशांना पिळा. दोस्त तुमच्यापेक्षा दांडगा असला तरी बहुतेक तुम्हीच जिंकाल! जागा बदलून पाहा. आता तो जिंकेल. मग सांगा बरं, जिंकलं कोण? माणूस नाही, फळी जिंकली. फळी रुंद आहे, मूठ बारीक आहे. फिरण्याच्या मधल्या रेषेपासून जितकं लांब धराल, तितका तुमचा जोर जास्त लागू पडतो. आजीच्या जात्याचा खुंटा मध्यभागी न बसवता कडेला बसवतात, तो याचसाठी. दाराची कडी बिजागरीजवळ नसते, तीही याचसाठी. तुमच्या पुस्तकातली तरफ ती हीच.

आता ही बॅट गाडीच्या चाकाला लावू या. गाडी थांबताना चाकावर दोघं जण झटत असतात. एक म्हणजे रस्ता. तो टायरच्या कडेला धरून चाक पुढे फिरवायला बघतो. दुसरा ब्रेक. तो चाकाच्या आत, मध्याजवळ बसलेला असतो आणि चाक अडवायला बघतो. म्हणजे रस्त्याच्या हातात बॅटची फळी आणि ब्रेकच्या हातात बिचारी मूठ!

जीपसारख्या गाडीच्या पुढच्या चाकात डोकावून पाहिलंत, तर एक चकचकीत लोखंडी चकती दिसेल. तिला डिस्क म्हणतात. पेडल दाबलं की तिच्या दोन्ही बाजूंना पॅड घट्ट चिकटतात. ही पकड चाकाच्या आसापासून साधारण १२-१३ सेंटिमीटरवर असते आणि रस्ता तर आसापासून ३८-३९ सेंटिमीटरवर. म्हणजे रस्त्याची तरफ ब्रेकच्या तरफेच्या तिप्पट लांब. म्हणून रस्त्यावर जेवढा जोर हवा, त्याच्या तिप्पट जोर पॅडपाशी लावावा लागतो. (तुमच्या साध्या सायकलचे ब्रेक-रबर बघा. ते रिमला, म्हणजे जवळजवळ चाकाच्या कडेलाच लागतात. त्यामुळे तिथे दोन बोटांच्या दाबावर काम भागतं. सायकलवाला या बाबतीत मोटारवाल्यापेक्षा सुखी!)

टायर मोठा केला की काय होतं? रस्त्याची तरफ आणखी लांब होते. ब्रेकची तरफ मात्र होती तेवढीच राहते. बॅटची फळी रुंद केली आणि मूठ तशीच ठेवली. झालं! आता तेवढंच थांबायचं, तर मुठीवाल्याला जास्त जोर लावणं भाग आहे.

किती जास्त? टायरच सांगतो!

प्रत्येक टायरच्या अंगावर त्याचं माप कोरलेलं असतं. दाराशी उभ्या असलेल्या गाडीपाशी जाऊन वाचून या. २०२० साली आलेल्या महिंद्र थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६ या मापाचे टायर मिळत. याचा अर्थ असा. टायरची रुंदी २४५ मिलिमीटर. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आणि मधल्या लोखंडी रिमचा व्यास १६ इंच. (रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचात! ही खिचडी कुणी शिजवली कोण जाणे, पण जगभर अशीच चालते.)

आता वही घ्या. २४५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. भिंत वरही आणि खालीही, म्हणून दुप्पट, ३६८. रिमचे १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. बेरीज ७७४ मिलिमीटर. हा झाला मूळ टायरचा व्यास.

हौशी लोक याच रिमवर २८५/७५ आर १६ मापाचा टायर चढवतात. बाजारात त्याला '३३ इंची' म्हणतात. वरच्यासारखंच गणित केलंत तर व्यास येतो ८३४ मिलिमीटर. वाढ सुमारे ८ टक्के. त्याहून हौशी लोक ३१५/७५ आर १६ म्हणजे '३५ इंची' पर्यंत जातात. त्याचा व्यास ८७९ मिलिमीटर, वाढ साडेतेरा टक्के.

म्हणजे ३३ इंची टायर लावले तर गाडी पूर्वीसारखीच थांबवायला ब्रेकपाशी सुमारे ८ टक्के जास्त जोर हवा. आता खरं सांगा, ८ टक्के म्हणजे काय मोठंसं? चालवणाऱ्याचा पाय न कळत तेवढा जास्त दाब देतोच. शिवाय पेडलच्या मागे बूस्टर नावाची डबी असते. ती पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढवून पुढे पाठवते. म्हणून "काही होत नाही हो, मी दोन वर्षं चालवतोय!" असं म्हणणारे काका खोटं बोलत नसतात. आमच्या वर्गातला 'नाही' म्हणणारा गट इथपर्यंत बरोबर.

पण गोष्ट इथे संपत नाही.

खोटं बोलणारा काटा

गाडीतला वेग दाखवणारा काटा रस्त्याकडे बघत नसतो. तो चाकाचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे कारखान्याने शिकवलेलं पाठ म्हणून दाखवतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण काट्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. समजा, काटा आधी अगदी बिनचूक होता. मग ३३ इंची टायर लावल्यावर काट्यावर ताशी ६० किलोमीटर असेल, तेव्हा गाडी खरोखर पळत असेल जवळजवळ ६५ ने! (नव्या गाडीचा काटा मुद्दामच खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त दाखवतो, म्हणून चूक थोडी कमी पडेल. पण सुरक्षिततेसाठी ठेवलेली ती जास्तीची माया आपणच खाऊन टाकली की नाही?)

आणि वेगाचा हिशोब फसवा असतो बरं का. वेग ८ टक्के वाढला, तर थांबवायची ऊर्जा ८ टक्के नाही, १७ टक्के वाढते. कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. १.०८ गुणिले १.०८ करून पाहा.

आता थांबायला किती अंतर लागतं ते मोजू. रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत, आणि समोर चेंडूमागे कुणीतरी धावत आलं. चालवणाऱ्याला ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरू. मूळ टायरवर ताशी ६० च्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी १६.७ मीटर गेली. पुढे ब्रेक लागून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर. एकूण साडेछत्तीस मीटर.

३३ इंची टायरवर काट्यात ६० च आहेत, पण खरा वेग ६५ च्या जवळ. पहिल्या सेकंदात १८ मीटर. मग त्याच पायाने तेवढाच दाब दिला, तर आणखी २५ मीटर. एकूण ४३ मीटर. साडेसहा मीटरचा फरक! तुमचा वर्ग पावलांनी मोजून पाहा. बऱ्याच शाळांत वर्गखोली साधारण एवढीच लांब असते. पहिली गाडी जिथे थांबली असती, त्याच्या पुढे आख्खा वर्ग ओलांडून ही गाडी थांबते.

आता चालवणाऱ्याने घाबरून पेडल जास्त दाबलं असं समजा, म्हणजे ब्रेकची उणीव भरून निघाली. तरीही ४१ मीटर लागतातच. म्हणजे या साडेसहा मीटरमधले साडेचार मीटर काट्याच्या खोटेपणाचे आहेत आणि ब्रेकच्या कमी पडण्याचे फक्त दोन. मला तर हीच या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. लोक ब्रेकवर हजारो रुपये घालतात आणि काटा दुरुस्त करून घ्यायचं विसरतात!

बांगडी हरली, स्ट्रायकर जिंकला

टायर मोठा होतो तसा जडही होतो. खडकाळ वाटेसाठी केलेल्या टायरची भिंत जाड असते, खाचा खोल असतात. एकेक टायर ८ किलोने वाढला तर चार टायर मिळून ३२ किलो. पण हे ३२ किलो डिकीत ठेवलेल्या तांदळाच्या पोत्यासारखे नाहीत. ते गरगर फिरताहेत, तेही चाकाच्या कडेला.

कडेचं वजन किती खोडकर असतं, ते कॅरमबोर्डवर बघा. बोर्ड एका बाजूने दोन पुस्तकांवर तिरका टेका. वरून एक स्ट्रायकर आणि एक जाड बांगडी, दोन्ही कडेवर उभ्या करून एकदमच सोडा. पुनःपुन्हा करा. नीट सरळ घरंगळले तर दर वेळी स्ट्रायकर पुढे, बांगडी मागे! बांगडी मोठी घ्या, छोटी घ्या, जड घ्या, हलकी घ्या, निकाल तोच. स्ट्रायकरचं वजन मध्यापासून कडेपर्यंत सगळीकडे पसरलेलं असतं, बांगडीचं सगळं कडेला. कडेचं वजन फिरवायला जास्त जोर लागतो आणि एकदा फिरायला लागलं की थांबवायलाही जास्त लागतो. टायर म्हणजे रबराची बांगडीच की! हिशोब असा, की कडेला वाढलेला एक किलो थांबवताना ब्रेकला जवळजवळ दोन किलोंसारखा वाटतो. म्हणजे आपले ३२ किलो झाले साठ-बासष्ट. गाडीत एक धष्टपुष्ट काका कायमचे येऊन बसले म्हणा ना!

घाट उतरताना

आतापर्यंत आपण एकदाच गाडी थांबवली. खरी परीक्षा उतारावर असते.

ब्रेक गाडीचा वेग गिळतात, पण तो जातो कुठे? सगळ्याची उष्णता होते. थंडीत हात हातावर घासून बघा. पावणेदोन टनांची जीप ताशी ६० वरून थांबली की ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तेवढ्यात पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. डिस्क ती सहज सहन करते आणि वाऱ्यावर थंड होते. पण खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. या उतरण्याची सगळी ऊर्जा ब्रेकनेच गिळायची म्हटली, तर २५ लिटरहून जास्त पाणी उकळेल एवढी उष्णता होईल. एक पाऊण लिटर कुठे आणि २५ लिटर कुठे!

म्हणून शहाणा चालक घाट उतरताना खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकना विश्रांती मिळते. पण मोठ्या टायरने इथेही खोडा घातलेला असतो. इंजिनसुद्धा चाकाला मध्यातूनच धरतं ना? म्हणजे तेही बॅटच्या मुठीकडचंच. रस्त्याची तरफ लांब झाली की इंजिनची ओढही त्याच प्रमाणात कमी पडते. जे काम इंजिन करत होतं, त्यातलं थोडं ब्रेकच्या गळ्यात येतं, म्हणजे ब्रेक आणखी तापतात. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये ज्या उतारावर गाडी आपोआप सावरायची, तिथे आता चालकाला सारखा ब्रेक दाबावा लागतो. अशा वेळी आणखी खालचा गिअर टाकावा, हा पहिला आणि फुकटचा उपाय.

ब्रेक फार तापले तर दोन गोष्टी घडतात. एक, पॅडची पकड ढिली पडते. करपल्यासारखा वास येतो, तो त्याचाच. दुसरी जास्त भयंकर. पेडलपासून चाकापर्यंत नळीत ब्रेक ऑइल भरलेलं असतं. ते हवेतलं पाणी हळूहळू शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. तेच पाणी प्यायलेलं असेल, तर १५५ अंशांपर्यंत तग धरलं तरी पुरे, असं नियमच मानतो. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. त्यानं काय बिघडतं? सुई नसलेली प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरून, तोंडावर बोट दाबून दांडा ढकला. जागचा हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरा. दांडा खुशाल आत जातो! वाफही अशीच दबते. चालक पेडल तळाला दाबतो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. बातम्यांत 'घाटात ब्रेक निकामी' असं वाचतो, त्यात पुष्कळदा हीच गोष्ट असते.

इथे आमच्या वर्गातला 'हो' म्हणणारा गट बरोबर ठरतो.

रबर जास्त, मग पकड जास्त?

कुणी म्हणेल, "पण बाई, मोठा टायर रुंद असतो. तो रस्ता जास्त पकडेल आणि गाडी लवकर थांबेल!" मुद्दा हुशारीचा आहे. चिखलात, वाळूत तो बराचसा खराही आहे. आइसलँड देशात तर बर्फावर चालणाऱ्या जीपना ३८ ते ४४ इंचांचे टायर लावतात आणि त्यातली हवा खूप कमी करतात. टायर चपटा पसरतो आणि गाडी बर्फात रुतत नाही.

डांबरी रस्त्यावर मात्र गणित उलटतं. खाचा मोठ्या म्हणजे रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारं रबर कमी. पाऊस पडून गेलेल्या गुळगुळीत डांबरावर चिखलासाठी केलेला टायर साध्या टायरपेक्षा लवकर घसरतो. आणि टायरच घसरायला लागला तर ब्रेक कितीही मोठा बसवा, उपयोग शून्य. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर! आजच्या गाड्यांत एबीएस असतं. चाक जाम होऊन घसरू लागलं की ते ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावतं, आणि पायाखाली पेडल थरथरतं. जाणकार मेकॅनिक मोकळ्या, निर्मनुष्य जागी हेच तपासतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून एबीएस जागं झालं, तर त्या ब्रेकमध्ये टायरची सगळी पकड वापरण्याएवढा जोर अजून आहे. नाही झालं, तर मात्र ब्रेक खरोखर कमी पडताहेत. (ही तपासणी मोठ्यांनी करायची. तुम्ही बाहेर उभं राहायचं, तेही लांब!)

मग बदलायचे की नाही?

माझं मत विचाराल तर असं. टायर थोडेसेच वाढवले, ३३ इंचांपर्यंत, आणि गाडी बहुतेक सपाटीवर चालत असेल, तर नवे मोठे ब्रेक लागत नाहीत. पण असलेले ब्रेक ठणठणीत हवेत. पॅड झिजलेले नकोत, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं हवं, मागच्या ड्रममधले लायनर तपासलेले हवेत आणि काटा दुरुस्त करून घेतलेला हवा. जुन्या ब्रेकची साधी डागडुजीसुद्धा कधी कधी नव्या ब्रेकएवढा फरक पाडते.

३५ इंची टायर, त्यात सामान, माणसं आणि दर आठवड्याला घाट असेल, तर मात्र ब्रेक वाढवायलाच हवेत. वाढवायचे म्हणजे काय, हे बॅटवाल्या मुलांना मी सांगायला नको. मूठ जाड करायची! डिस्कचा व्यास वाढवला की पॅडची पकड आसापासून लांब जाते आणि ब्रेकची तरफ लांबते. टायर साडेतेरा टक्के वाढला, तर ३०० मिलिमीटरच्या डिस्कच्या जागी सुमारे ३४० ची हवी. पण एवढी डिस्क जुन्या रिममध्ये मावेलच असं नाही. मग रिम बदला. फक्त पुढचेच ब्रेक वाढवले तर पुढचा-मागचा समतोल बिघडतो, म्हणून मागचेही बघा. कोटाचं एक बटण बदलायला गेलो आणि शिंप्याने आख्खा कोटच बदलायला लावला, तसली गत! म्हणून काही जण डिस्क तीच ठेवतात आणि जास्त पकडीचे पॅड घालतात. ते स्वस्त पडतं, पण त्यातले काही पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, हे विकत घेताना विचारून घ्यावं.

आता एक प्रश्न तुम्ही विचारणार, मला ठाऊक आहे. "ट्रॅक्टरचं मागचं चाक तर आमच्या डोक्याएवढं उंच! त्याला केवढा ब्रेक लागत असेल?" शेतावरच्या दादांना विचारून बघा. चाकात डोकावलंत तरी ब्रेक दिसणार नाही. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये तो चाकात नसतोच. तो आत, शेवटच्या मोठ्या दात्यांच्या अलीकडे, वेगाने फिरणाऱ्या दांड्यावर बसवलेला असतो. चाकाचा एक फेरा होईपर्यंत तो दांडा कितीतरी फेरे घेतो. त्यामुळे तिथे लावलेला थोडासा जोर दात्यांमधून जाता जाता तितक्याच पटींनी वाढून चाकापाशी पोचतो. मूठ जाड न करता फळीवाल्याला हरवायची ही युक्ती! ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या चाकाला एक आणि उजव्या चाकाला एक. शेतात जागच्या जागी वळायला ती वेगवेगळी वापरतात. डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र दोन्ही खिळीने जोडायची असतात. घरी ट्रॅक्टर असेल तर खीळ जोडलेली आहे ना, यावर तुम्ही लक्ष ठेवा.

आणखी एक गंमत. हा सगळा खटाटोप कशासाठी? गाडीचं पोट दगडाला लागू नये म्हणून. पण टायरचा व्यास ६० मिलिमीटरने वाढला, तर गाडी उंच होते फक्त त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर. इंचभराहून थोडं जास्त! दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप आजच्या मानाने अरुंद अशा १६ इंची रिमच्या टायरवर आणि चारही चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक घेऊन जगभर चिखल तुडवत फिरली. १९४७ पासून तीच जीप मुंबईत जोडली जाऊ लागली, आणि थार तिच्याच घराण्यातली. तिचे टायर आणि ब्रेक एकमेकांना शोभणारे होते. शिवाय दगडधोंड्यांतून गाडी अगदी हळू चालते, तिथे ब्रेकचं काम थोडंच असतं. अडचण येते ती रविवारी संध्याकाळी, दमलेला चालक त्याच टायरवर घाट उतरून घरी परतत असतो तेव्हा.

पालकांसाठी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात ठरवलेल्यापेक्षा नोंदणीची माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. तुमच्या गाडीला कोणती मापं चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलंही असतं. त्याबाहेरचं काही करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

आणि आता मुलांनो, तुमच्यासाठी गणित. मूळ टायर २४५/७५ आर १६ आहे. एका काकांनी त्या जागी २६५/७५ आर १६ बसवले. नवा व्यास किती? वाढ किती टक्के? काट्यावर ६० दिसत असताना खरा वेग किती? आणि काकांना नवे ब्रेक घ्यायला लावाल का? आधी वहीत सोडवा, मगच खाली बघा.

(उत्तर : व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर. वाढ जवळजवळ ४ टक्के. खरा वेग ताशी साधारण ६२ किलोमीटर. नवे ब्रेक नकोत. पण ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते काकांना जरूर विचारा.)